कर्णा आणि पुष्पिका : जुन्या ट्यूबांच्या पुनर्घडणीची चिकित्सा

पाश्चात्त्य वाद्यवृंदातील पितळी वाद्यांमध्ये ट्यूबा हे सर्वांत खर्जातले वाद्य होय. आपल्याकडे त्याची ओळख असते ती बहुधा त्याच्या भावंडामुळे. लग्नाच्या वरातीत वादकाच्या अंगाभोवती वेटोळे घालून त्याच्या डोक्यावर उमललेला जो अजस्र भोंगा दिसतो, तो सूसाफोन म्हणजे खांद्यावर वागविता यावा अशा घडणीचा ट्यूबाच. प्रस्तुत लेखात ज्या व्यवहाराचा विचार करावयाचा आहे तो मात्र मुख्यत्वे अमेरिकेतील आणि काही अंशी इंग्लंडमधील आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडलेल्या ट्यूबांना दुसरा कर्णा बसविणे, त्यांच्या नळ्या कापून आधारस्वर बदलणे, एका वाद्याचा व्हॉल्व्ह-संच दुसऱ्याच्या देहावर चढविणे, हा तेथील वादकांचा आणि कारागिरांचा कित्येक दशकांचा रूढ उद्योग आहे. या उद्योगाकडे आजवर दुरुस्ती म्हणूनच पाहिले गेले. त्यामुळे त्याविषयी जे बोलले जाते ते मापांविषयी, डाख लावण्याच्या कौशल्याविषयी आणि खर्चाविषयी. माझ्या मते जुन्या वाद्याचा कर्णा बदलणे हा त्या वाद्यावर दिलेला अभिप्राय आहे. हा अभिप्राय कोणाच्या कानाने दिला, कोणत्या संगीताला प्रमाण मानून दिला आणि तो देताना कोणता पुरावा पुसला गेला, हे प्रश्न समीक्षेच्या कक्षेत येतात.

वाद्याच्या रचनेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. १८३५ मध्ये बर्लिन येथे विल्हेल्म वीप्रेख्ट आणि योहान गॉटफ्रीड मोरिट्झ यांनी पाच व्हॉल्व्हच्या, एफ स्वरातील 'बास-ट्यूबा'चे एकस्व मिळविले. तेव्हापासून या वाद्याची अनेक कुळे झाली. आज बी-फ्लॅट, सी, ई-फ्लॅट आणि एफ अशा चार आधारस्वरांचे ट्यूबा प्रचारात आहेत. बी-फ्लॅट ट्यूबाची वेटोळी उलगडली तर नळी सुमारे ५.५ मीटर भरते, सीची ४.९ मीटर, ई-फ्लॅटची ४ आणि एफची ३.७ मीटर. व्हॉल्व्हजवळ जेमतेम दोन सेंटीमीटर व्यासाची असलेली ही नळी रुंदावत जाऊन अखेरीस अर्ध्या मीटरच्या कर्ण्यात उघडते. नळी किती लांब आहे यावर वाद्याचा आधारस्वर ठरतो. ती कोणत्या गतीने रुंदावते यावर त्यातून निघणारे नैसर्गिक स्वर एकमेकांशी किती सुरेल राहतील हे ठरते. रुंदावण्याचा सर्वांत मोठा भाग कर्ण्याकडेच असल्याने कर्णा हा ग्रामोफोनच्या कर्ण्यासारखा केवळ आवाज बाहेर फेकणारा अवयव नव्हे. वाद्याचे व्याकरण बऱ्याच अंशी त्यातच साठविलेले असते.

कर्ण्याला आणखी एक महत्त्व आहे आणि ते ध्वनिशास्त्राबाहेरचे आहे. अमेरिकी वाद्यांवर कारखान्याचे नाव, गाव आणि वेलबुट्टी कोरलेली असते ती कर्ण्यावर. वाद्याचा अनुक्रमांक मात्र बहुधा व्हॉल्व्हच्या नळकांड्यावर ठोकलेला असतो. आपल्याकडच्या हस्तलिखितांत लेखकाचे नाव, गाव आणि शक पोथीच्या शेवटी पुष्पिकेत येतो. ट्यूबाची पुष्पिका कर्ण्यावर असते. पोथीचे शेवटचे पान हरवले की संशोधकाला अक्षरवळणावरून आणि कागदावरून काळ ठरवीत बसावे लागते. कर्णा बदललेल्या ट्यूबाच्या बाबतीत याहून चमत्कारिक परिस्थिती उद्भवते. शेवटचे पान हरवलेले नसते, ते दुसऱ्याच पोथीचे असते. नाव क्लीव्हलंडचे, क्रमांक एल्कहार्टचा, आणि मधली वळणे आणखी तिसऱ्याच कारखान्याची, अशी वाद्ये अमेरिकेत दुर्मिळ नाहीत.

ही परिस्थिती उद्भवण्यामागे एक इतिहास आहे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात ट्यूबाचे मुख्य घर सिंफनी वाद्यवृंद हे नव्हतेच. गावोगावचे बँड, शाळा-महाविद्यालयांचे बँड, सर्कशी, नृत्यगृहे येथे हे वाद्य वाजे, आणि इंडियाना राज्यातील एल्कहार्टचा कॉन, क्लीव्हलंडचा किंग, मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्सचा यॉर्क, विस्कॉन्सिनमधील एल्कहॉर्नचा होल्टन हे कारखाने प्रामुख्याने या बाजारासाठी बी-फ्लॅट ट्यूबा घडवीत. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये रूढ होऊ लागले. त्यापूर्वी वादकांना एका मोठ्या शंकूसमोर बसून वाजवावे लागे. ज्याचा कर्णा आढ्याकडे त्याचा आवाज तबकडीवर धड उमटत नसे. पुढे वाकविलेल्या कर्ण्याच्या ट्यूबाला 'रेकॉर्डिंग बास' हे नाव याच काळाच्या आठवणीने चिकटले. मायक्रोफोन आल्यावर मूळ कारण संपले, तरी समोर तोंड केलेले कर्णे शाळांच्या बँडमध्ये पुढे कित्येक दशके टिकून राहिले. मैदानावर आणि उघड्या मंडपात खर्ज स्पष्ट ऐकू येणे बँडशिक्षकांना हवेच होते. वाद्य पेटीत मावावे म्हणून हे कर्णे सुटे केलेले असत. कर्णा आणि देह यांच्या सांध्यावर एक जाड कडे आणि हाताने फिरविता येतील असे स्क्रू, एवढीच ती योजना. कॉन आणि किंग यांसारखे कारखाने एकाच देहासाठी दोन्ही प्रकारचे कर्णे पुरवीत, समोरचा आणि उभा. ज्याला आपण आज बदल म्हणतो त्याची सोय अशा प्रकारे कारखान्यानेच करून ठेवली होती, हे लक्षात घ्यावयास हवे.

उभा कर्णा आणि समोरचा कर्णा यांतील भेद श्रोत्याला का जाणवतो? बी-फ्लॅट ट्यूबाचा एक नेहमीचा खर्जस्वर ५८ हर्ट्झचा असतो. त्याची तरंगलांबी जवळजवळ सहा मीटर भरते. अर्ध्या मीटरच्या तोंडातून निघालेला सहा मीटरचा तरंग कोणत्याही एका दिशेला बांधलेला राहत नाही, तो सर्वत्र पसरतो. म्हणून निव्वळ खर्जाच्या दृष्टीने कर्णा वर आहे की समोर याने फार फरक पडत नाही. फरक पडतो तो वरच्या उपस्वरांत. सुमारे ७०० हर्ट्झपाशी तरंगलांबी कर्ण्याच्या व्यासाइतकी होते आणि तेथून पुढे आवाज झोतासारखा कर्ण्याच्या रोखाने जाऊ लागतो. स्वराचा आरंभ, त्याची कड, जिभेचा ठोका हे सर्व या वरच्या उपस्वरांत असते. समोरचा कर्णा ही कड श्रोत्याच्या अंगावर आणून टाकतो. उभा कर्णा ती आढ्याला देतो आणि श्रोत्यापर्यंत येते ते आढ्याने, भिंतींनी गाळून परत केलेले रूप. सिंफनीच्या सभागृहाला असे गाळीव, सर्व वाद्यांच्या पायाशी पसरणारे खर्ज हवे असते. तेथे ट्यूबा वेगळा ऐकू येणे हा दोष मानला जातो. बँडला मात्र तो ऐकू यावाच लागतो, कारण लयीचा भार त्याच्यावर असतो.

येथे एक सोपी मांडणी करण्याचा मोह होतो: समोरचा कर्णा बँडचा, उभा कर्णा वाद्यवृंदाचा. इतिहास ती मांडणी पूर्णपणे मान्य करीत नाही. बँडचे सर्वांत प्रसिद्ध पुरस्कर्ते जॉन फिलिप सूसा यांच्यासाठी १८९३ मध्ये जे. डब्ल्यू. पेपर यांनी आणि १८९८ मध्ये कॉनने जे सूसाफोन घडविले त्यांचे कर्णे आकाशाकडेच उघडत. समोर तोंड केलेले सूसाफोन नंतरचे. म्हणजे बँडमध्येही या प्रश्नावर एकमत नव्हते. पुढे वादकांत वाद्यवृंदातील घडण ही 'खऱ्या' ट्यूबाची घडण मानली जाऊ लागली, आणि समोरच्या कर्ण्याकडे एक शाळकरी, काहीशी हास्यास्पद गोष्ट म्हणून पाहिले जाऊ लागले. हजारो जुन्या वाद्यांवरून समोरचा कर्णा उतरवून उभा चढविण्यामागे ध्वनिशास्त्र आहेच. पण त्याहून अधिक ही प्रतिष्ठेची उतरंड आहे. बँडमधून आलेल्या वाद्याला सभागृहात बसण्यापूर्वी मान वर करायला शिकविले जाते, असे म्हटले तर ते फार चुकीचे होणार नाही.

एवढ्यावरून अशा प्रत्येक बदलाला दोष देणे बरोबर होणार नाही. बदलांच्या जाती वेगळ्या आहेत, आणि त्या ओळखण्यासाठी आपल्या परंपरेतील पाठचिकित्सेची परिभाषा मला उपयोगी वाटते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्या काळापर्यंत नकलकारांच्या हातून ग्रंथात पाठांतरे शिरली होती. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने विष्णु सीताराम सुखटणकर यांच्या संपादकत्वाखाली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे जे काम केले आणि जे त्यांच्या मृत्यूनंतर १९६६ मध्ये पूर्ण झाले, त्याचे एक वैशिष्ट्य असे की संपादकांनी नाकारलेले पाठ फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत राहिले. संपादकाचा निर्णय ज्याला पटणार नाही त्याला तो तपासून पाहण्याची सोय त्याच ग्रंथात आहे.

ही दृष्टी ट्यूबाला लावली असता काय दिसते? सुट्या कर्ण्याच्या वाद्यावर त्याच कारखान्याचा उभा कर्णा बसविणे हा केवळ पाठभेद आहे. स्क्रू सैल केले की पहिला पाठ परत येतो. पण जुन्या कारखान्यांचे उभे कर्णे मोजकेच शिल्लक आहेत, आणि दोन कारखान्यांच्या कड्यांची मापे सहसा जुळत नाहीत. मग कडेच कापून टाकावे लागते आणि दुसऱ्या कुळातला कर्णा डाख लावून कायमचा जोडावा लागतो. हा प्रक्षेप झाला. त्याचा मागमूस निदान सांध्यावर राहतो. जाणकार डोळ्याला डाखाची रेषा आणि जोडाचे कडे सांगून जाते की येथे दुसरा हात सुरू झाला. तिसरी जात सर्वांत गंभीर आहे. तिच्यात मूळ अक्षरे खरवडून त्यांवर नवी लिहिली जातात. बी-फ्लॅट ट्यूबा कापून सी ट्यूबा करणे ही ती जात होय.

या तिसऱ्या प्रकाराकडे अधिक बारकाईने पाहणे अगत्याचे आहे, कारण अमेरिकी वाद्यवृंदातील ट्यूबाच्या नादकल्पनेचा मोठा भाग त्यातून घडला. तेथील व्यावसायिक वादक सी ट्यूबा वाजवितात. हा ध्वनिशास्त्राचा दंडक नव्हे. जर्मन वाद्यवृंदांत बी-फ्लॅट आणि एफ यांचा वापर चालतो, इंग्लंडमध्ये ई-फ्लॅटला मान आहे. गुरुपरंपरा, तारवाद्यांना सोयीच्या सुरावटींत बोटांना मिळणारी सुगमता आणि किंचित चपळ उत्तर देणारी आखूड नळी अशा कारणांनी अमेरिकेत सी रूढ झाला. कारखाने मात्र बँडसाठी बी-फ्लॅटच घडवीत होते. माइन्झचे अलेक्झांडर किंवा वाल्डक्राइबुर्गचे मिराफोन आयात करणे हा एक मार्ग होता. दुसरा मार्ग, जुना रुंद देहाचा यॉर्क किंवा होल्टन स्वस्तात घेऊन तो कापणे.

कापणे या शब्दाने कामाची खरी कल्पना येत नाही. वाद्य एका पूर्ण स्वराने चढवायचे तर नळी सुमारे ११ टक्के, म्हणजे साठेक सेंटीमीटर, आखूड करावी लागते. ती कोठून? फक्त दंडगोलाकार भागातून काढली तर वाद्य पहिल्यापेक्षा अधिक शंकाकृती होते. रुंद भागातून काढली तर कर्ण्याचा गळा आखडतो. शिवाय प्रत्येक व्हॉल्व्हची जोडनळी त्याच प्रमाणात कापावी लागते. हिशेबाने पहिल्या व्हॉल्व्हची नळी सुमारे ६७ सेंटीमीटरवरून ६० वर, दुसऱ्याची ३३ वरून २९ वर आणि तिसऱ्याची १०४ वरून ९३ वर येते. यानंतर खरी परीक्षा सुरू होते. नळीत ज्या जागी हवेचा दाब सर्वाधिक हेलकावतो तेथे ती रुंद असेल तर स्वर उतरतो, आणि ज्या जागी हवेची हालचाल सर्वाधिक तेथे रुंद असेल तर तो चढतो. या जागा प्रत्येक नैसर्गिक स्वरासाठी निराळ्या असतात. म्हणून एक वळण बदलले की एखादा स्वर सुधारतो आणि त्याच्या शेजारचा बिघडतो. पाचवा नैसर्गिक स्वर उतरलेला, सहावा चढलेला, अशी व्यथा घेऊन अनेक कापलेले ट्यूबा जगतात, आणि त्यांचे वादक डाव्या हाताने नळी आत-बाहेर सरकवीत आयुष्य काढतात. जे थोडे चांगले साधले आहेत त्यांच्यामागे कारागिराचा कान आणि पुष्कळसे दैव आहे. वादकांच्या बोलण्यात फक्त अशीच वाद्ये येतात. फसलेल्यांची वाच्यता होत नाही. ही निवडक आठवण हेच या परंपरेचे सर्वांत दुबळे अंग आहे.

या सर्व उद्योगावर एका वाद्याची सावली आहे. १९३० च्या दशकाच्या आरंभी यॉर्क कारखान्याने फिलाडेल्फिया वाद्यवृंदासाठी एक असाधारण मोठा सी ट्यूबा घडविला. वाद्यवृंदाचे संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांना ऑर्गनसारखे खर्ज हवे होते, असे सांगितले जाते. तेथील वादक फिलिप डोनाटेली यांना ते वाद्य मानवले नाही आणि ते आर्नल्ड जेकब्स या कर्टिस संस्थेतील तरुण विद्यार्थ्याकडे अवघ्या १७५ डॉलरांत गेले, अशी परंपरागत कथा आहे. जेकब्स १९४४ ते १९८८ पर्यंत शिकागो सिंफनीत होते. त्या वाद्यवृंदाच्या पितळी विभागाची कीर्ती जगभर झाली आणि तिच्याबरोबर यॉर्कचीही. जेकब्स यांच्याकडे नंतर तसाच दुसरा यॉर्क आला, आणि पुढे दोन्ही वाद्ये शिकागो सिंफनीच्या मालकीची झाली. स्वित्झर्लंडमधील सुमिसवाल्ड येथील हिर्सब्रुनर यांनी आणि नंतर यामाहाने त्यांच्या प्रतिकृती केल्या. ज्यांना त्या परवडत नव्हत्या त्यांनी शाळांच्या अडगळीतले बी-फ्लॅट यॉर्क शोधून कापले. अनेकांना तोच यॉर्कच्या नादाकडे नेणारा रस्ता वाटला.

येथे चिकित्सकाने दोन गोष्टी विचारल्या पाहिजेत. पहिली अशी की ज्या नादाची नक्कल करायची तो कोणत्या अवस्थेतील यॉर्कचा? साठ वर्षे रोज वाजलेले वाद्य कारखान्यातून निघालेल्या वाद्याहून वेगळे असते. पिस्टन झिजतात, पोचे काढताना पितळ पातळ होते, नळ्या बदलल्या जातात. प्रतिकृती करणाऱ्याने मोजलेला असतो तो झिजेसह आणि दुरुस्त्यांसह हाती आलेला पाठ, मूळ संहिता नव्हे. दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. शिकागोच्या तबकड्यांवर जे ऐकू येते त्यात वाद्याचा वाटा किती आणि जेकब्स यांचा किती? श्वास आणि मनातील गाणे यांवर आधारलेली त्यांची शिकवण सर्वश्रुत आहे. ज्या माणसाने विद्यार्थ्यांना वाद्य विसरून नाद मनात ऐकायला सांगितले त्याच्या वाद्याचा असा जप व्हावा, यातला उपरोध त्याच्या भक्तांच्या ध्यानात आलेला दिसत नाही.

वादकांच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते टाळणे अन्यायाचे होईल. कापलेले बहुतेक ट्यूबा शाळांनी टाकून दिलेले, पोचे पडलेले, भंगाराच्या भावाने जाणारे होते. ते कापले नसते तर वितळले गेले असते. शिवाय वाद्य हे वाजण्यासाठी असते. स्ट्रॅडिव्हारीच्या जवळजवळ सर्व व्हायोलिनांची मान अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकात बदलली गेली, आतली पट्टी बदलली, बोटफळी लांबली; तरी त्यांना कोणी बनावट म्हणत नाही. मिरजेच्या कारागिराने फुटलेला भोपळा बदलून दिला म्हणून घराण्याचा तंबोरा परका होत नाही. हे सर्व मला मान्य आहे. परंतु व्हायोलिनच्या बाबतीत वाद्याचा प्राण कशात आहे याविषयी एकमत होते: पेटीची पोट-पाठ राखायची, बाकी बदलले तरी चालेल. म्हणून बदल झाले तरी मूळ कारागिराची सही त्या पेटीत राहिली. ट्यूबाच्या बाबतीत असे एकमत कधी झालेच नाही. कोणी कर्णा राखून देह बदलतो, कोणी देह राखून कर्णा, आणि कोणी दोन्ही राखून मधला व्हॉल्व्ह-संच सूसाफोनमधून काढून आणतो. काय राखायचे हे ठरल्याशिवाय काय बदलावे याचा विवेक येत नाही.

धातूविषयीच्या समजुतींचा येथे ओझरता उल्लेख पुरेसा आहे. नवा कर्णा तांबूस पितळेचा घेतला तर नाद 'ऊबदार' होतो, पातळ पत्र्याचा घेतला तर 'जिवंत' होतो, असे विकणारे सांगतात आणि घेणारे ऐकतात. इंग्लंडमधील बूझी अँड हॉक्सचे रिचर्ड स्मिथ यांनी १९८० च्या दशकात वेगवेगळ्या जाडीच्या कर्ण्यांचे ट्रॉम्बोन वादकांना डोळे झाकून वाजवायला दिले, तेव्हा त्यांना भेद ओळखता आला नाही. पुढे अमेरिकेत टॉमस मूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रंपेटच्या कर्ण्याचे कंपन वाळूच्या पिशव्यांनी दाबून मोजमापे घेतली आणि काही परिणाम मोजता येतो असे २००५ मध्ये दाखविले. परिणाम आहे, पण लहान आहे. आकाराच्या परिणामापुढे तो नगण्य ठरतो. आपल्या तांबट आळीत भांड्याची जाडी बोटांनी सांगणारा कारागीर मिळेल. नादावरून पत्र्याची जाडी सांगणारा वादक अद्याप मिळावयाचा आहे.

इंग्लंडचे उदाहरण वेगळे आहे आणि तुलनेसाठी महत्त्वाचे. तेथील ब्रास बँड १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चढ्या पट्टीत वाजवीत. त्यांचा 'ए' ४५२.५ हर्ट्झचा होता, तर १९३९ च्या लंडन परिषदेने सुचविलेला आंतरराष्ट्रीय 'ए' ४४० चा. कारखान्यांनी चढ्या पट्टीची वाद्ये बंद केल्यावर जुन्या ट्यूबांच्या नळ्या लांबविणे भाग पडले. ई-फ्लॅट ट्यूबाला मुख्य नळीत सुमारे अकरा सेंटीमीटरची भर, आणि व्हॉल्व्हच्या नळ्यांना त्या प्रमाणात थोडीथोडी. येथे बदलाचे कारण कोणाच्या प्रतिष्ठेत नव्हते. सबंध बँडला एका नव्या 'सा'वर यायचे होते, आणि जुनी वाद्ये त्यांच्याच माणसांच्या हातात, त्यांच्याच संगीतात राहिली. मूळ नळी कापली न जाता तिला जोड दिला गेला. अमेरिकेतील कापाकापीशी हा भेद मला मूलभूत वाटतो. पुढे इंग्लंडमध्येही मोठेपणाची ओढ आलीच: जुन्या ई-फ्लॅट ट्यूबांचा १५ इंची कर्णा बेसनच्या सॉव्हरिन मालिकेत १७ आणि १९ इंचांपर्यंत वाढला. व्हॉन विल्यम्स यांचा ट्यूबा कन्चेर्टो १९५४ मध्ये फिलिप कॅटेलिने यांनी बार्बिरोली व लंडन सिंफनीसह प्रथम सादर केला आणि मुद्रितही केला. त्याच वाद्यवृंदाचे जॉन फ्लेचर यांचे १९७० च्या दशकाच्या आरंभीचे मुद्रण त्यानंतर ऐकावे. ध्वनिमुद्रणाच्या तंत्रातील फरक वजा केला तरी पहिल्यातील ट्यूबा गाणाऱ्या मध्यम देहाच्या माणसासारखा भासतो आणि दुसऱ्यात तो ऐसपैस पसरलेला आहे. मला पहिल्यातला संथ भाग अधिक जवळचा वाटतो. दुसऱ्यातले प्रभुत्व नाकारण्याचा प्रश्न नाही, पण पसरलेपणालाच प्रगती मानण्याची सवय कशी लागली याचे उत्तर या दोन तबकड्यांच्या मधल्या काळात शोधावे लागेल.

अमेरिकेतील जुन्या बँडच्या बाबतीत असे कानाने तुलना करून पाहणे दिवसेंदिवस अवघड होत आहे. १९२०–३० च्या काळातील एखादा बँड त्याच काळच्या वाद्यांवर ऐकावा असे कोणी मनात आणले, तर त्याला समोरच्या कर्ण्याचे, न कापलेले, एकाच कारखान्याचे चार बी-फ्लॅट ट्यूबा एकत्र लागतील. असे ट्यूबा होते. त्यांतले कित्येक आज सभागृहांत उभ्या कर्ण्याने सी स्वरात वाजत आहेत. त्या बँडची स्वरचित्रे, कार्यक्रमपत्रिका आणि छायाचित्रे ग्रंथालयांत जपलेली असताना तो नाद प्रत्यक्ष निर्माण करणारी वस्तू मात्र पुनर्लेखनासाठी स्वस्त कागद ठरली. वाद्यवृंदाचा कान बँडच्या वाद्यांतून जे हवे ते घेऊन गेला, आणि बँडचा स्वतःचा पाठ परिशिष्टातदेखील उरला नाही. माझा आक्षेप आहे तो एवढ्यालाच.

त्यामुळे कापण्यावर बंदी घालावी असे मी म्हणणार नाही. ती कोणी पाळणारही नाही. परंतु काही साध्या गोष्टी शक्य आहेत. काम सुरू करण्यापूर्वी सर्व नळ्यांची मापे आणि कर्ण्याच्या रुंदावण्याची नोंद घेणे, व्हॉल्व्हवरील क्रमांकाशी ती जोडून ठेवणे, नव्या कर्ण्यावर जुन्या कारखान्याचे नाव न कोरणे, आणि सुटे कडे शक्य तेथे न कापता त्याला जुळणारे दुसरे कडे घडविणे. शेवटच्या कामाला दोन-तीन दिवसांची अधिक मेहनत पडते, पण त्याने प्रक्षेपाचा पुन्हा पाठभेद होतो. राहिला उतरविलेल्या कर्ण्याचा प्रश्न. तो बहुधा वाद्याबरोबर दुसऱ्या मालकाकडे जात नाही. दोन फूट व्यासाची, वाकड्या गळ्याची, कशावरही सरळ न बसणारी ती वस्तू ठेवायला जागा लागते, आणि शाळेच्या कपाटात किंवा वादकाच्या घरात ती नसते. म्हणून कोठे तरी तळघरात, भिंतीला टेकवून, ग्रँड रॅपिड्सचे नाव कोरलेला एखादा कर्णा देहावाचून पडून असतो, आणि त्याचा देह कोणत्या गावी कोणत्या नावाने वाजतो आहे हे सांगणारा कागद त्याच्या आत ठेवलेला नसतो.